एक डोळा झाकून पाहा

पावसाची झड लागली की आमच्या सेनगाव तालुक्यातली शेतीची कामं थांबतात आणि दवाखान्यात गर्दी होते. अशाच एका दिवशी साखऱ्याला माझ्यासमोर एक ओळखीचे शेतकरी येऊन बसले. वय साठीच्या आसपास, मधुमेह अकरा वर्षांचा. मी त्यांना मामा म्हणतो. आदल्या दिवशी उजव्या डोळ्यात कुसळ गेलं होतं. घरच्यांनी त्या डोळ्यावर स्वच्छ फडकं बांधून त्यांना आणलं होतं.

"साहेब, कुसळाचं काही नाही, ते निघंल," मामा म्हणाले, "पण कालपासून मला काहीच दिसंना झालंय. तुम्ही बसलात ते कळतंय, पण तुमचं तोंड दिसत नाही. तोंडाच्या जागी नुसता डाग हाय."

कुसळ काढायला दोन मिनिटं लागली. उजवा डोळा उघडताच मामांना माझं तोंड दिसलं आणि ते हसले. मला मात्र हसू आलं नाही. पट्टी उजव्या डोळ्यावर होती. म्हणजे डाग दिसत होता तो डाव्या डोळ्याला, ज्यात कुसळ गेलंच नव्हतं. तो डाग कालचा नव्हता. तपासणीत कळलं की मधुमेहामुळे डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाला आलेली सूज बरीच जुनी होती. उजव्या डोळ्यातही सुरुवात झाली होती.

दोन वर्षं मामा दर महिन्याला माझ्याकडून मधुमेहाच्या गोळ्या न्यायचे. दर वेळी मी विचारायचो, "मामा, नीट दिसतंय ना?" ते म्हणायचे, "दिसतंय की." ते खरंच बोलत होते. चूक माझी होती. मी दोन्ही डोळ्यांना मिळून एकच प्रश्न विचारत होतो, आणि एक चांगला डोळा दोघांच्या वतीनं उत्तर देत होता. पडद्याच्या तपासणीसाठी त्यांना दर वर्षी पाठवायला हवं होतं, तेही माझ्याकडून राहून गेलं.

मामांच्या डाव्या डोळ्यात बिघडलेली जागा मोहरीच्या दाण्याएवढी आहे. आजचा लेख त्या जागेबद्दल आहे.

आधी एक प्रयोग करा

आत्ता वाचताय त्या ओळीतल्या कोणत्याही एका शब्दावर नजर रोखा. बुबुळ अजिबात हलवू नका. आता त्याच्या डावी-उजवीकडचे किती शब्द वाचता येतात ते पाहा. बहुतेकांना जेमतेम एखाद-दोन शब्द लागतील. त्यापलीकडे काहीतरी छापलेलं आहे एवढंच कळतं, काय छापलंय ते कळत नाही. पान तर पूर्ण दिसत असतं, कडेचा चहाचा कपही दिसत असतो. दिसणं आणि वाचता येण्याइतकं स्पष्ट दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा अनुभव घ्यायला एवढा प्रयोग पुरतो.

हात लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाएवढा जो भाग झाकला जातो, साधारण तेवढ्याच भागाचं आपल्याला एका वेळी अगदी लख्ख दिसतं. मग सगळं जग स्पष्ट का वाटतं? कारण डोळा स्वस्थ बसत नाही. सेकंदाला साधारण तीन वेळा तो इकडून तिकडे उडी मारतो आणि प्रत्येक उडीला नखाएवढा एक तुकडा टिपतो. मेंदू ते तुकडे जोडून सलग चित्र तयार करतो. आपण वाचतो तेही असंच. नजर ओळीवरून सरकत जात नाही, ती टप्प्याटप्प्यानं उड्या मारत जाते.

हा लख्ख तुकडा टिपणारी जागा म्हणजे फोव्हिया. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटा खड्डा. मराठीत तिला गर्तिका म्हणतात.

पडद्यावरचा खड्डा

डोळा म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा गोळा. समोर बुबुळावरची काच, तिच्यामागे बाहुली, मग भिंग, आणि सगळ्यात मागे आतून अस्तरासारखा लागलेला दृष्टिपटल. याला आपण बोलीत डोळ्याचा पडदा म्हणतो. पडद्याच्या मध्याला पिवळसर छटेचा एक भाग असतो, त्याचं नाव पीतबिंदू किंवा मॅक्युला. या पिवळ्या भागाच्या ऐन मध्यावर फोव्हियाचा खड्डा आहे. त्याचा व्यास सुमारे दीड मिलिमीटर. पूर्ण पडद्याचे हजार भाग केले तर त्यातले दोन भागही या खड्ड्याच्या वाट्याला येत नाहीत. खड्ड्याचा तळ तर आणखी लहान, एक मिलिमीटरच्या जवळपास एक तृतीयांश.

पडद्यात प्रकाश ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी नऊ-दहा कोटी. त्या अंधुक प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत आणि बारकावेही टिपता येत नाहीत. शंकूपेशी संख्येनं अर्ध्या कोटीच्या आसपास. रंग आणि बारकावे हे त्यांचं काम, मात्र त्यासाठी त्यांना भरपूर उजेड लागतो. फोव्हियाच्या तळाशी फक्त शंकूपेशी असतात, त्याही इतक्या दाटीनं की एका चौरस मिलिमीटरमध्ये दीड-दोन लाख मावतात.

आता खड्डा कशासाठी? पडद्याची रचना थोडी उलटी आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी सर्वांत मागे, आणि त्यांच्यापुढे चेतापेशींचे थर व बारीक रक्तवाहिन्या. म्हणजे प्रकाशाला या सगळ्यातून वाट काढत मागे पोचावं लागतं. फोव्हियाच्या जागी हे पुढचे थर बाजूला सरकलेले असतात आणि ऐन मध्यावर रक्तवाहिनीही नसते. वाट मोकळी राहावी म्हणूनच तो खड्डा. मध्यावरच्या या पेशींना रक्ताचा पुरवठा होतो तो पडद्याच्या मागच्या थरातून. मागच्या थरात बिघाड झाला की त्याचा फटका फोव्हियाला का बसतो, हे यावरून लक्षात येईल.

तिसरी गोष्ट जोडणीची. पडद्याच्या कडेला अनेक पेशींची खबर एकाच तारेतून मेंदूकडे जाते. सगळ्या वस्तीला एकच फोन असावा तसं. फोव्हियातल्या शंकूपेशींना मात्र ज्याची त्याची स्वतंत्र तार असते. मेंदूतही तिला जागा मोठी आहे. नजरेच्या मधल्या दहा अंशांच्या भागासाठी मेंदूच्या प्राथमिक दृष्टिकेंद्राचा जवळपास निम्मा भाग राखून ठेवलेला असतो.

म्हणूनच नजर जराशी बाजूला गेली की स्पष्टपणा झपाट्यानं कमी होतो. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण दहा अंश रुंद दिसते. तेवढं अंतर बाजूला सरकलं की बारकावे ओळखण्याची ताकद सुमारे पाचव्या हिश्शावर येते.

अरुंधती आणि बैल

आपल्याकडे लग्नात नवरा-नवरीला अरुंधतीचा तारा दाखवण्याची रीत आहे. सप्तर्षींपैकी वसिष्ठाला खेटून असलेला तो मंद तारा. दोन ताऱ्यांमध्ये अंतर आहे १२ कलांचं, म्हणजे अंशाचा पाचवा भाग. निरोगी फोव्हिया एका कलेइतका बारकावा ओळखू शकतो. दवाखान्यात आपण ६/६ नजर म्हणतो ती हीच. सहा मीटरवरून पावणेनऊ मिलिमीटर उंचीचं अक्षर वाचता येणं. त्या मानानं अरुंधती सोपी आहे. आकाश निरभ्र असून ती वेगळी दिसत नसेल, तर नेत्रतपासणी करून घ्या असं मी वऱ्हाडी मंडळींनाही सांगतो.

त्याच आकाशात फोव्हियाची दुसरी बाजूही दिसते. अगदी मंद ताऱ्याकडे रोखून पाहिलं तर तो नाहीसा होतो, आणि नजर थोडी बाजूला नेली की परत दिसू लागतो. फोव्हियाच्या तळाशी दंडपेशी नाहीत, त्यामुळे काळोखात ती जागा जवळजवळ आंधळी असते. मंद ताऱ्याचा प्रकाश बाजूच्या दंडपेशींवर पडला तरच तो कळतो. रात्री शेतात राखणीला जाणारे लोक अंधारातली हालचाल डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपतात, तेही याच कारणानं.

सस्तन प्राण्यांत असा खड्डा फक्त माणूस, वानरं आणि माकडं यांच्या कुळात आढळतो. गाय-बैलाला फोव्हिया नसतो. त्यांच्या पडद्यावर जास्त नजरेचा आडवा पट्टा असतो, त्यामुळे मान न वळवता त्यांना क्षितिजाची मोठी रेघ एकदम नजरेत ठेवता येते. चरणाऱ्या जनावराला तेच उपयोगी. ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांच्या एकेका डोळ्यात मात्र दोन-दोन फोव्हिया असतात.

सुईत दोरा ओवणं, हळकुंड मोडून आतला रंग पाहणं, सोयाबीनच्या पानावरची अळी शोधणं, फवारणीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचणं आणि माणसाचं तोंड ओळखणं, ही सगळी कामं या मोहरीएवढ्या जागेची आहेत.

बिघाड लपतो कसा?

मामांना दोन वर्षं कळलं कसं नाही, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. उत्तर मेंदूच्या हुशारीत आहे. दोन डोळ्यांपैकी एकाचं चित्र धूसर झालं तर मेंदू दुसऱ्याचं चांगलं चित्र वापरतो. धूसर डोळ्याची तक्रार आपल्यापर्यंत पोचतच नाही. त्यात पडद्याला वेदनेच्या चेता नाहीत. डोळ्यात कुसळ गेलं तर माणूस तळमळतो, कारण बुबुळावरची काच अतिशय हळवी असते. पडदा जळाला किंवा सुजला तरी काहीच दुखत नाही. डोळा लालही होत नाही.

आणि कडेची नजर शाबूत राहते. मामा त्या डाव्या डोळ्यानं एकट्यानंही बांधावरून चालले असते. त्यांना ढेकूळ दिसलं असतं, बैल दिसला असता. फक्त अक्षर आणि तोंड दिसलं नसतं.

याचा त्रास घरोघरी वेगळ्याच रीतीनं होतो. काही वर्षांपूर्वी एका आजीला तिची सून घेऊन आली. तक्रार आजीची नव्हती, सुनेची होती. "डॉक्टर, अंगणात कोंबडी शिरली तर ह्यांना बरोबर दिसतं, काठी घेऊन उठतात. आणि मी समोर उभी राहिले तरी कोण म्हणून विचारतात. मुद्दाम करतात." आजी गप्प बसून होती. मग हळूच म्हणाली, "आवाज आला की वळखते गं मी." आजीच्या दोन्ही फोव्हिया वयोमानानं झिजल्या होत्या. हलणारी कोंबडी कडेच्या नजरेला दिसत होती. सुनेचं तोंड पाहायला लागणारी जागाच उरली नव्हती. हे समजावून सांगितल्यावर सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. घरातलं म्हातारं माणूस चालतं-फिरतं आहे पण ओळख दाखवत नाही, असं असेल तर त्याला नाटकी किंवा भ्रमिष्ट ठरवण्याआधी त्याचे डोळे तपासा.

मोतीबिंदू आणि पडदा

आपल्याकडे म्हातारपणी दिसेनासं झालं की तो मोतीबिंदूच, असं धरून चालतात. मोतीबिंदू म्हणजे भिंग गढूळ होणं. खिडकीची काच मळली तर ती बदलता येते, तसं शस्त्रक्रियेनं भिंग बदलता येतं आणि नजर परत येते. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्याखाली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया गावोगावच्या गरिबांपर्यंत पोचल्या, आणि त्याबद्दल सरकारी नोकरीतला एक डॉक्टर म्हणून मला समाधान आहे.

पण फोव्हिया बदलता येत नाही. तिच्या शंकूपेशी मेल्या की नव्या तयार होत नाहीत. काच बदलल्यावरही दिसलं नाही म्हणून रुग्ण सर्जनला दोष देतात, तेव्हा अनेकदा दुखणं मागच्या पडद्यावर असतं. म्हणून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी "माझा पडदा कसा आहे?" हा प्रश्न जरूर विचारा.

फोव्हियाचे शत्रू

पहिला शत्रू मधुमेह. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. ते पाणी मध्यभागी साठलं की फोव्हिया सुजते. सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही. याच टप्प्यात उपचार सर्वांत उपयोगी पडतात. डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आणि काही वेळा लेझर, यांनी सूज उतरते. जोडीला साखर, रक्तदाब आणि चरबी आटोक्यात हवी. टाइप-२ मधुमेह कळला त्याच वेळी, आणि पुढे दर वर्षी, बाहुली मोठी करून पडदा तपासायला हवा. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे.

दुसरा शत्रू वय. साठीनंतर काहींची फोव्हिया हळूहळू झिजते. याचा एक कोरडा प्रकार असतो, तो सावकाश वाढतो. दुसरा ओला. त्यात पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढून गळू लागतात आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत नजर ढासळते. ओल्या प्रकाराला इंजेक्शनांचा चांगला उपयोग होतो, मात्र लवकर पोचलं तर. विडी-सिगारेटनं हा धोका नक्की वाढतो. पीतबिंदूचा पिवळेपणा ल्युटिन आणि झियाझँथिन या रंगद्रव्यांमुळे असतो. शरीर ती तयार करू शकत नाही, ती आहारातून मिळतात. मेथी, पालक, शेवग्याचा पाला, मका, अंड्यातला पिवळा बलक यांत ती असतात. महागड्या गोळ्यांआधी ताटात पालेभाजी हवी.

तिसरा शत्रू आपल्या खिशातून येतो. पंचवीस ते पन्नास वयातले पुरुष येऊन सांगतात, "एका डोळ्यापुढे गोल सावली आलीय, वस्तू बारीक आणि फिकट दिसतात." फोव्हियाखाली पाणी साठण्याचा हा एक प्रकार आहे. ताण आणि अपुरी झोप यांच्याशी त्याचा संबंध आढळतो, आणि स्टेरॉइडशी तर अगदी स्पष्ट. अंगदुखीसाठी, खाजेसाठी, वजन वाढवण्यासाठी चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या, मलमं आणि "ताकदीची" इंजेक्शनं यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. बहुतेकांची नजर तीन-चार महिन्यांत सुधारते, पण औषध कोणतं चालू आहे ते डॉक्टरांना खरं सांगावं लागतं. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नये.

चौथा शत्रू प्रकाश. आपण ज्याच्याकडे रोखून पाहतो त्याची प्रतिमा फोव्हियावर पडते. ती वस्तू सूर्य असेल किंवा लेझरचा झोत असेल, तर तो सगळा मारा तिच्यावरच. बाहुलीवर पडलेला लेझरचा झोत डोळ्याचं भिंग एवढा एकवटतं की पडद्यावर त्याची तीव्रता जवळपास एक लाख पट होते. डोळा मिटायला पाव सेकंद लागतो, आणि मिरवणुकीतल्या जोरदार लेझरला तेवढा वेळ लागत नाही.

२०२३ च्या गणेशोत्सवात विसर्जन मिरवणुकीनंतर पुणे आणि नाशिकमधल्या नेत्रतज्ज्ञांकडे पडद्याला इजा झालेले तरुण आले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचलं. कुणाच्या पडद्यावर रक्तस्राव, कुणाला भाजल्याचा डाग. पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या अशा झोतांवर बंदी घातली. आमच्या भागातला एक मुलगा शहरात कामाला होता. तोही मिरवणुकीत रात्रभर नाचला. सकाळी मोबाइल पाहताना त्याच्या लक्षात आलं की उजव्या डोळ्यानं शब्दातलं मधलं अक्षर दिसत नाही. वय एकोणीस. त्याला पोलिस भरतीची तयारी करायची होती. वर्ष झालं, थोडी सुधारणा आहे, पण मधलं अक्षर अजून पुरतं परत आलेलं नाही. मिरवणुकीत लेझर लागल्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्यात कायमची रेघ उमटते, हे आता तरुणांना ठाऊक झालंय. कॅमेरा जळतो तर डोळ्याचं काय होत असेल, एवढाच प्रश्न त्यांना विचारा. हिंगोलीत अनंत चतुर्दशीला चिंतामणीच्या दर्शनाला किती माणूस लोटतं ते आपण पाहतो. लेकरांना खांद्यावर घेऊन आलेल्या गर्दीत लेझरला जागा नको.

सूर्यग्रहणाचंही तेच. २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास दिसणार आहे. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, परातीतल्या पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीही सुरक्षित नाही. प्रमाणित ग्रहणचष्मा वापरा किंवा पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाहा. इजा झाली तर ती काही तासांनी कळते, तोवर उशीर झालेला असतो.

लेकरांची गोष्ट

बाळ जन्मतं तेव्हा त्याची फोव्हिया पूर्ण तयार नसते. शंकूपेशी मध्याकडे सरकत दाटी करतात आणि हे काम चार-पाच वर्षांपर्यंत चालतं. मेंदूची नजर शिकण्याची क्रिया सात-आठ वर्षांपर्यंत भरात असते. या काळात एका डोळ्याचा नंबर फार वेगळा असेल किंवा तिरळेपणा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. डोळा सुदृढ दिसतो, पण नजर घडत नाही. याला आळशी डोळा म्हणतात. लेकरू तक्रार करत नाही, कारण चांगल्या डोळ्यानं त्याला सगळं दिसतंच. काही घरांत तिरळेपणा नशिबाचं लक्षण मानतात. असं मानून वर्षं घालवू नका. यावरचा उपाय साधा आहे. चष्मा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावणं. वेळेत केलं तर नजर येते. अंगणवाडी आणि शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.

घरी काय कराल?

हे सगळं वाचून एवढं केलंत तरी पुरे.

१. महिन्यातून एकदा, वाचायचा चष्मा असेल तर तो लावून, एक डोळा तळहातानं झाका. डोळा दाबू नका. दुसऱ्या डोळ्यानं कॅलेंडरवरची बारीक तिथी-नक्षत्रं वाचा. मग डोळा बदला. दोन्हींत फरक वाटला तर तपासणी हवी.

२. पोरांची गणिताची चौकटीची वही घ्या. पानाच्या मध्यावर पेनानं ठिपका काढा. हातभराहून थोड्या कमी अंतरावरून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहा. सगळ्या रेघा सरळ दिसतात का? चौकटी कुठे वाकड्या, पुसट किंवा गायब आहेत का? स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी १९४० च्या दशकात रूढ केलेली तपासणी याच तत्त्वाची आहे. वही नसेल तर दाराची चौकट किंवा विजेचा खांबही चालेल. सरळ खांब एका डोळ्याला वाकडा दिसला तर थांबू नका.

३. मधुमेह असेल तर नजर कितीही चांगली वाटली तरी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या. थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं, म्हणून सोबत कुणाला तरी न्या आणि गाडी चालवू नका.

४. मधला भाग अचानक काळा झाला, रेघा एकाएकी वाकड्या दिसू लागल्या, तर "उद्या बघू" म्हणू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आमच्याकडून पुढे हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय, आणि गरज पडली तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्र विभाग असा रस्ता आहे. एक-दोन दिवसांचा रोजगार बुडतो हे मला माहीत आहे, तरी जा.

मामांना पुढे पाठवलं. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं झाली, सूज उतरली. त्या डोळ्यानं ते आज पेपर वाचतात. हाही वाचतील. डाव्या डोळ्यातला डाग तसाच आहे आणि तसाच राहणार. दोन वर्षं आधी मी हात पुढे करून त्यांचा एक डोळा झाकला असता, तर कदाचित तोही वाचला असता.

आता माझ्या टेबलावर पुठ्ठ्याचा एक तुकडा असतो. गोळ्या न्यायला आलेल्या प्रत्येकाचा आधी एक डोळा झाकतो, मग दुसरा, आणि भिंतीवरचा तक्ता वाचायला लावतो. माणशी अर्धं मिनिट जातं. परवा मामा आले तर पुठ्ठा त्यांनीच उचलला. रांगेत मागे बसलेल्या माणसाकडे वळून म्हणाले, "दोन्ही डोळ्यांनी सांगू नको बाबा. एकेकाला इचार."

हातातला पेपर खाली ठेवण्याआधी तुम्हीही एकेका डोळ्याला विचारून पाहा.